‘निष्काळजीपणा’ या शब्दाखालची सही

पत्र

काका, नमस्कार.

मी चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्याकडे पॉवर प्रेसवर गाड्यांचे ब्रॅकेट निघतात. गेल्या महिन्यात तिसऱ्या पाळीत एका हेल्परची दोन बोटं डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, गेली. मुलगा बावीस वर्षांचा, ठेकेदाराकडून आलेला, कामावर लागून जेमतेम पाच आठवडे झालेले. चौकशी अहवालात ‘मूळ कारण’ असा एक रकाना असतो. त्यात ‘मानवी चूक – कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं गेलं आणि खाली सही माझी आहे. उपाय काय, तर ‘प्रशिक्षण’. आता प्लांट हेड म्हणतात, विमान कंपन्या माणसांच्या चुका कशा आवरतात ते आपल्या लोकांना शिकवा, एखादा निवृत्त पायलट बोलवा, दोन तासांचं सेशन ठेवा, सगळ्या हेल्परना बसवा. निअर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर आहे, पण वर्षभरात त्यात चार नोंदी, त्यातल्या तीन ‘फरशी ओली होती’ अशा. तुम्ही विमानाच्या हँगरमध्ये आयुष्य काढलंत म्हणून विचारतो, विमानातलं हे सगळं प्रेस शॉपमध्ये चालतं का? की नुसतं भाषण होईल?

आणि खरं सांगायचं तर त्या सहीमुळे झोप लागत नाही. त्या रात्री प्रेसचा लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा) बायपास, म्हणजे बंद करून ठेवलेला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. अहवालात ते नाही.

– एक सेफ्टी ऑफिसर, चाकण

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं प्रश्न प्रशिक्षणाचा आहे. शेवटच्या दोन वाक्यांशी आल्यावर कळलं की प्रशिक्षण हा बहाणा आहे, दुखणं वेगळंच आहे. कर्टन बायपास होता आणि अहवालात ते नाही. विमानवाल्यांनी गेल्या ऐंशी वर्षांत चुकांबद्दल जे काही शिकलं, त्यातलं बरंचसं या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बसतं.

म्हणून पायलटला इतक्यात फोन करू नका. आधी त्या रात्रीकडे परत जाऊ.

बायपासची किल्ली कुणाकडे असते? त्या दिवशी ती कुणी फिरवली, आणि नेमकी कधीपासून फिरवलेली होती? नवी डाय चढवल्यावर पार्ट कर्टनच्या किरणांत येत होता का, त्यामुळे दर थोड्या स्ट्रोकला प्रेस थांबत होता का? तासाचं टार्गेट डाय बदलल्यावरही तेच राहिलं का? पहिल्या पाळीतही तो बायपासच होता का? असेल, तर पाळीचा इन्चार्ज, डाय बसवणारा सेटर, मेंटेनन्सचा माणूस, क्वालिटीची मुलगी, सगळे रोज त्याच्यासमोरून जात होते. कदाचित तुम्हीही गेला असाल. म्हणजे पंधरा-वीस जणांना जे दिसत होतं, त्याचं खापर फुटलं पाच आठवड्यांच्या पोराच्या डोक्यावर.

त्याचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाही. हात त्यानंच घातला. पण ‘हात घातला’ हे काय घडलं त्याचं वर्णन झालं. कारण अजून शोधायचंय. तुमचा अहवाल जिथे संपतो तिथून विमानाची चौकशी सुरू होते.

हे शहाणपण विमानवाल्यांनाही उपजत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बरचे पायलट सुखरूप उतरल्यावर, विमान धावपट्टीवर असतानाच, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) मिटवायच्या ऐवजी चाकंच आत ओढून घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. अहवालात लिहिलं जायचं, वैमानिकाची चूक. आणखी काय लिहिणार? बटण त्यानंच दाबलं होतं. मग अल्फॉन्स चपॅनिस नावाच्या एका तरुण मानसशास्त्रज्ञाला हे बघायला लावलं. त्यानं पायलटांच्या डोक्यात डोकावण्याआधी कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं. चाकांचं आणि फ्लॅपचं, दोन्ही बटणं शेजारी शेजारी आणि दिसायला सारखीच. त्याच काळातल्या दुसऱ्या एका विमानात त्यांची रचना वेगळी होती, तिथे हा घोटाळा होत नव्हता. उपाय अगदी साधा निघाला. चाकांच्या दांडीला छोट्या चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या दांडीला पाचरीसारखी. अंधारात, दमलेल्या हातालाही कळेल अशी. आजही प्रवासी विमानाच्या कॉकपिटचा फोटो बघा, चाकांच्या दांडीच्या टोकाला चाकच दिसेल.

त्या पायलटांना ‘सावध राहा’ या विषयावर दोन तासांचं सेशन दिलं असतं तर काय झालं असतं? चहा-बिस्किटं झाली असती.

तुमच्या कामाला याहूनही जवळची गोष्ट मला नेहमी वाटते ती १९९० सालची, कारण ती पायलटची नाही, आमच्यासारख्या मेंटेनन्सवाल्यांची आहे. १० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेलं बीएसी वन-इलेव्हन. सतरा हजार फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच उडून गेली. आतल्या हवेच्या दाबानं कॅप्टन कमरेपर्यंत खिडकीबाहेर फेकला गेला. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकानं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. एकही जण दगावला नाही. कॅप्टनसुद्धा वाचला आणि काही महिन्यांत पुन्हा उडायला लागला. म्हणजे तुमच्या भाषेत, महाप्रचंड निअर मिस.

काच आदल्याच दिवशी पहाटे बदललेली होती. ती बसवणाऱ्या नव्वद बोल्टपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट व्यासानं बारीक होते. फरक किती, तर पाऊण मिलिमीटरही नाही. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण लांबीला कमी. बोल्ट बसवणारा माणूस नवशिका नव्हता, तो त्या पाळीचा मेंटेनन्स मॅनेजर होता. आता बघा, तुमच्याकडे अहवालात काय लिहिलं गेलं असतं. अनुभवी माणसाचा अक्षम्य निष्काळजीपणा, मेमो, फाइल बंद.

ब्रिटनच्या चौकशी करणाऱ्यांनी मात्र त्या माणसाच्या शेजारी उभं राहून ती रात्र पुन्हा पाहिली. पाळीत माणसं कमी होती, म्हणून मॅनेजरनं स्वतः हत्यारं हातात घेतली. काच काढल्यावर त्यानं जुना बोल्ट नमुना म्हणून घेतला. काच ज्या बोल्टांवर इतकी वर्षं टिकली तेच घालू, हा विचार तुम्ही-मी सगळेच करतो. पण विमानावर आधीपासूनच चुकीचे, लांबीला कमी असलेले बोल्ट होते. स्टोअरच्या माणसानं त्याला सांगितलंही, की या कामाला दुसरा नंबर लागतो. ते मागे पडलं. हव्या त्या बोल्टांचा साठा तिथे पुरेसा नव्हता, म्हणून तो गाडी काढून दुसऱ्या स्टोअरला गेला. तिथे माणूस नव्हता, उजेड धड नव्हता, खणांवरची लेबलं पुसट झालेली. जवळचं वाचायला त्याला चष्मा लागायचा, तो लावलेला नव्हता. त्यानं बोल्टाशी बोल्ट लावून नजरेनं जुळवले. मग काच बसवताना विमानाच्या नाकावर असा ओणवा होता की बोल्टाचं डोकं खाचेत नीट भरलेलं नाही हे त्याला दिसणंच अवघड होतं. आणि ज्याची पाळी त्याचंच काम, त्याचीच तपासणी. त्या काचेला दुसऱ्या कुणाच्या तपासणीची सक्ती नव्हती, दाब देऊन बघण्याचीही नव्हती.

या रात्रीत तुमच्या शॉपमधलं काय नाही, सांगा. माणसं कमी असतात, रात्र असते, स्टोअरमध्ये माल नसतो, नंबर पुसलेला असतो, ‘आधी हेच होतं की’ म्हणणारे असतात, करणारा आणि तपासणारा एकच असतो. आणि तो मॅनेजर कामचुकार नव्हता. काम अडू नये म्हणून तो धावपळ करत होता. चांगली माणसं काम पुढे रेटतात तेव्हा अशाच फटींतून जातात. तुमच्या प्रेसचा कर्टन ज्यानं बायपास केला तोही बहुतेक उत्पादन थांबू नये म्हणूनच झटत असणार. त्याला तेव्हा कुणीतरी शाबासकीही दिली असेल.

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं हे चीजच्या भोकाभोकांच्या चकत्यांची उपमा देऊन सांगितलं. आमच्या हँगरमधला एक फोरमन ते चाळणीवर चाळणी ठेवून सांगायचा. एका चाळणीचं भोक दुसरी अडवते, पण सगळ्या चाळण्यांची भोकं एका रेषेत आली की खडा थेट पिठात. कामगाराची सावधगिरी ही सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात झिरझिरीत चाळणी. पहाटे तीनला तर ती फाटलेलीच असते. आपण मात्र वरच्या सगळ्या काढून ठेवतो आणि तिलाच प्रशिक्षण देतो. आपला कायदाही त्या शेवटच्या चाळणीवर विसंबलेला नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं २१ वं कलम यंत्राचे धोकादायक भाग बंदिस्त ठेवायला सांगायचं, हेल्परनं डोळ्यांत तेल घालून बसावं यावर भागवायचं नाही.

आता तुमचं रजिस्टर. चार नोंदी, तीन ओल्या फरशीच्या. हसू आलं, कारण आमच्याकडेही एके काळी असंच होतं. फरशी कुणाची नसते, म्हणून तिच्यावर लिहायला कुणाची ना नसते.

१ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए कंपनीचं एक बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरताना व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर आपटलं. बोर्डावरचे सगळे, ९२ जण गेले. टॉवरच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, टॉवरच्या मनात दुसराच होता. चौकशीत कळलं की सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं एक विमान याच ठिकाणी, याच गैरसमजापोटी थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीनं आपल्या पायलटांना सावधही केलं होतं. बाकीच्यांपर्यंत ते पोचलंच नाही.

त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत एक व्यवस्था उभी राहिली. पायलटनं, टॉवरवाल्यानं, मेकॅनिकनं आपलीच चूक लिहून पाठवायची. पण कुणाकडे? लायसन काढून घेऊ शकणाऱ्या खात्याकडे कोण पाठवील? म्हणून ती चिठ्ठी जाते नासाकडे, अंतराळवाल्यांकडे, ज्यांना दंड करायचा अधिकारच नाही. ते मजकूर ठेवतात, नावाची पट्टी कापून परत पाठवतात. चूक जाणूनबुजून नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर दंड माफ. पायलट खोटं बोलत नाहीत, फार नीतिमान असतात, अशी या व्यवस्थेची समजूत नाही. खरं बोलायला जागा करून द्यावी लागते, एवढंच तिला कळलंय.

तुमचं रजिस्टर कुठे ठेवलंय? माझा अंदाज, सुपरवायझरच्या टेबलावर. बरोबर ना? मग बायपासबद्दल त्यात कोण लिहिणार? ते तिथून हलवा. कागद-पेनाची सक्ती काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा मेसेज चालेल, भोजपुरीत चालेल, उडियात चालेल. तो ऐकणारा माणूस एकच असू द्या, ज्याच्या हातात ना हजेरी, ना गेटपास, ना ओव्हरटाइम. कंपनीत असा माणूस नसेल तर बाहेरचा शोधा. आणि ‘निअर मिस’ हे नाव काढून ‘थोडक्यात वाचलो’ असं नाव द्या. जेवणाच्या सुट्टीत लोक हेच शब्द बोलतात. आलेल्या पहिल्या तक्रारीवर आठ दिवसांत काहीतरी दिसेल असं करा, एखादा पाट बदला, दिवा लावा. नाहीतर दुसरी येणार नाही. हो, आणि गेटवर ‘अपघातमुक्त दिवस’ असा आकडा लावलेला फलक असेल, तर तो काढायची हिंमत आहे का बघा. आकडा दोनशेवर गेला की कापलेलं बोट खिशात घालून घरी जाणारे तयार होतात.

माझं स्वतःचं एक सांगतो. १९८० च्या दशकातली गोष्ट. रात्रपाळी संपवून मी लोकलमध्ये बसलो आणि दादर यायच्या आत आठवलं की विमानाच्या चाकांच्या कप्प्यात माझी टॉर्च राहिली. घाम फुटला. गप्प बसता आलं असतं, टॉर्चवर नाव नव्हतं. उतरून स्टेशनवरच्या पीसीओवरून फोन केला. विमान थांबवलं, टॉर्च सापडली, उड्डाणाला चाळीस मिनिटं उशीर. दुपारी मला बोलावलं तेव्हा नोकरी गेली असं धरूनच निघालो होतो. सीनिअरनं पहिला प्रश्न विचारला, “टॉर्च परत आली की नाही हे पाळी संपताना आपल्याकडे कोण मोजतं?” कुणीच मोजत नव्हतं. महिन्याभरात फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली गेली. रिकामी आकृती दिसली की विमान सोडायचं नाही. मला मात्र त्या चाळीस मिनिटांबद्दल एक शब्द कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षभरात आमच्या पाळीतल्या तिघांनी आपणहून आपल्या चुका सांगितल्या, त्यातली एक माझ्या टॉर्चपेक्षा कितीतरी गंभीर होती. त्या सीनिअरनं मला ओरडलं असतं तर त्या तिन्ही गाडल्या गेल्या असत्या.

आता बोलण्याचा प्रश्न. प्लांट हेडना विमानातलं जे आवडलंय ते बहुधा हेच असणार, हाताखालच्यानं वरच्याला टोकायला शिकणं. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा अपघात त्यांनी ऐकला असेल. २७ मार्च १९७७, दाट धुकं, धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर, ५८३ मृत्यू. त्यातल्या एकाचा, डच कंपनी केएलएमच्या विमानाचा कॅप्टन म्हणजे त्या कंपनीच्या जंबो पायलटांना शिकवणारा ज्येष्ठ माणूस. त्यानं परवानगीआधीच विमान दौडवलं तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं, ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय. विषय संपला. लक्षात घ्या, त्यानं विचारलं. ‘थांबा’ म्हणाला नाही.

आपल्याकडे याची सवय वेगळी शिकवावी लागत नाही. “साहेब, जरा बघता का,” “साहेब, आवाज वेगळा येतोय वाटतं.” यातलं प्रत्येक वाक्य साहेबांना दुर्लक्ष करायची सोय ठेवतं. म्हणून कॉकपिटमध्ये वाक्याचा साचाच शिकवतात. समोरच्याला हाक मारा, काय दिसतंय ते सांगा, काय होईल ते सांगा, काय करायचं ते सांगा. “पाटील साहेब, कर्टन बंद आहे, हात जाईल, प्रेस थांबवा.” तुमच्याकडे ते हिंदीतही घोटून घ्या, “साहब, परदा बंद है, हाथ जाएगा, प्रेस रोको.” दहा वेळा मोठ्यानं म्हणायला लावा. हसतील, हसू द्या.

पण एवढ्यावर थांबलात तर घोडं तिथेच पेंड खाईल. २२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरची, धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ जण गेले. चौकशीत निघालं की सहवैमानिकानं तीनदा सांगितलं होतं, उतरू नका, फेरी घ्या. म्हणजे तो बोलला. स्पष्ट बोलला. कॅप्टननं ऐकलं नाही. बोलणाऱ्याचं प्रशिक्षण झालेलं होतं म्हणा हवं तर. ऐकणाऱ्याचं?

इथे मी प्लांट हेडशी सरळ असहमत आहे. हेल्परना बसवून सुरुवात करू नका. वैमानिकांचं हे प्रशिक्षण १९८० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालं तेव्हा पहिला रोख कॅप्टनच्या वागण्यावर होता, खालच्यांच्या नव्हे. त्याआधी डिसेंबर १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ एक डीसी-८ इंधन संपून पडलं होतं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता, इंधन संपत आल्याच्या सूचना त्याच्यापर्यंत पोचूनही पोचल्या नाहीत. म्हणून तुमचीही पहिली बॅच प्लांट हेड, प्रॉडक्शन मॅनेजर आणि ठेकेदाराची. हो, ठेकेदाराची. त्यांना एकच सराव द्या. हेल्पर येऊन म्हणतो, ‘प्रेस थांबवा’, आणि डिस्पॅचची गाडी गेटवर उभी आहे. त्या क्षणी तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं? “ठीक आहे, दाखव” हे निघेपर्यंत सराव. मग सुपरवायझर आणि सेटर. हेल्पर सगळ्यात शेवटी, आणि तेही हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून नव्हे, प्रेससमोर, लाल बटण स्वतःच्या तळव्यानं दाबून. बटण दाबल्यावर काय होतं हे त्यांना बघू द्या. कुणी ओरडत नाही हेही बघू द्या.

चेकलिस्टचं थोडक्यात. १९३५ मध्ये बोइंगचं नवं बॉम्बर राइट फील्डवर चाचणीत पडलं, कारण शेपटीचे भाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं. उडवणारा कसलेला पायलट होता. त्यातून लेखी चेकलिस्ट रुजली. तिची खुबी कागदात नाही, एकानं मोठ्यानं विचारायचं, दुसऱ्यानं त्या वस्तूकडे बघून उत्तर द्यायचं, यात आहे. तुमच्या चेकशीट मी न बघता सांगतो, सोमवारी एकाच पेनानं शनिवारपर्यंतच्या टिका मारलेल्या असतात. पन्नास मुद्द्यांची शीट फेकून पाच मुद्द्यांची करा, आणि ती सेटर आणि ऑपरेटर या दोघांत बोलूनच व्हायला हवी.

एक गोष्ट मात्र विमानातून तशीच्या तशी उचलता येणार नाही, आणि कुठलाही पायलट ती तुम्हाला सांगणार नाही. कॅप्टन आणि प्रवासी एकाच विमानात बसलेले असतात. कॅप्टनची चूक झाली तर जमिनीवर सगळ्यात आधी त्याचं नाक आपटतं. त्याला लायसन आहे, संघटना आहे, पगार आहे. तुमच्या शॉपमध्ये टार्गेट ठरवणारा काचेच्या केबिनमध्ये आणि बोट डायमध्ये घालणारा रोजंदारीवर. तो ‘थांबवा’ म्हणाला तर उद्या ठेकेदार त्याला गेटवरून परत पाठवू शकतो. हा फरक कुठल्याही सेशननं मिटत नाही. त्यावर उपाय कागदावरच करावा लागतो. प्रेस थांबवणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही आणि तुम्हाला विचारल्याशिवाय त्याला बदलता येणार नाही, हे ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या. प्लांट हेड याला तयार नसतील, तर पायलटच्या मानधनाचे पैसे वाचवा आणि त्यातून बायपासच्या किल्ल्या मेंटेनन्सच्या कुलपात ठेवायची पेटी आणा. जास्त उपयोग होईल.

“मग काय कुणालाच शिक्षा नाही?” असं तुम्हाला वरून विचारतील. आहे ना. दारू पिऊन आलेल्याला आहे, धोका ठाऊक असून मस्तीत दुसऱ्याचा हात घालायला लावणाऱ्याला आहे. बाकीच्यांसाठी एक कसोटी विमान क्षेत्रात वापरतात ती चांगली आहे. त्याच्याच कुवतीचा, त्याच्याइतकाच शिकलेला दुसरा माणूस त्याच जागी, त्याच रात्री, त्याच टार्गेटखाली बसवला असता तर त्यानं वेगळं केलं असतं का? तुमच्या चार ऑपरेटरना खासगीत विचारा. चौघांपैकी तिघं म्हणाले, “आम्हीही हात घातला असता,” तर त्या पोराला मेमो देण्यात अर्थ नाही. हीच कसोटी बायपास करणाऱ्या सेटरलाही लावा बरं का. आपण हेल्परला सोडतो आणि सेटरला पकडतो, म्हणजे खापर एक पायरी वर सरकतं इतकंच. शॉपमधल्या सगळ्या प्रेसवरचे बायपास पंधरा दिवसांत सांगा, कुणावर कारवाई नाही, असं प्लांट हेडच्या सहीनं जाहीर करून घ्या. किती निघतील ते बघून तेच हादरतील.

पायलटला बोलवायचंच असेल तर बोलवा. पण पराक्रमाच्या गोष्टी नकोत, त्याला एकच अट घाला. स्वतःची एक चूक सांगायची, जी त्यानं आधी कुणापासून तरी लपवली होती. आणि त्याच्यानंतर लगेच प्लांट हेडनं उभं राहून आपली एक सांगायची. ते तयार होतात का, यावरून तुम्हाला पुढचं सगळं कळेल.

राहिली तुमची सही. जुना अहवाल फाडू नका, बदलू नका. त्याला आजच्या तारखेची पुरवणी जोडा. त्या रात्री कर्टन बायपास होता, हे मला अमुक दिवशी कळलं, पहिल्या अहवालात ते आलेलं नाही, कारण मी घाई केली. हे शेवटचं वाक्यही लिहा. कारखाने निरीक्षकांकडे गेलेल्या अपघाताच्या सूचनेतही जुनंच कारण गेलं असेल, तर दुरुस्ती कशी कळवायची ते कंपनीच्या वकिलांना विचारा. कळवायची का, हे विचारू नका. वर ओरडा बसेल, कदाचित बढती अडेल. मी खोटा धीर देणार नाही. पण जो सेफ्टी ऑफिसर स्वतःची चूक लिहून देत नाही, त्याच्या रजिस्टरमध्ये हेल्परनं आपली का लिहावी?

आणि त्या मुलाला भेटून या. खोलीवर असेल, नाहीतर गावी गेला असेल, तर फोन करा. चौकशी झाली, सीसीटीव्ही पाहिलं, पण त्याला कुणी विचारलं का, की बाबा, त्या रात्री पार्ट कुठे अडकला होता? तो जे सांगेल त्यातच तुमच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा आहे. त्याची परवानगी असेल तरच तो वापरा, नाव न घेता. जाताना फळं न्या. कुठलाही कागद नेऊ नका, त्याला आता आपल्याकडून सहीला ठेवलेला कागद बघायचा नसेल.